तीस वर्षांची वाट का पाहू नये: गृहनिर्माण संस्थेची इमारत आणि आवार यांची निगा

डोंबिवलीतील चार मजली, ३२ सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. संस्थेच्या नोंदणीला २८ वर्षे झाली असताना इमारत आणि आवार यांच्या देखभालीबाबत नेमके काय बंधनकारक आहे, संरचनात्मक तपासणीसाठी (स्ट्रक्चरल ऑडिट) ३० वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबता येईल का, आणि वरच्या मजल्यावरची गळती गच्चीत पत्र्याची शेड टाकून थांबेल का, असे ते प्रश्न आहेत.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकत्र देतो, कारण थांबण्याचा विचार ज्या हिशेबावर उभा आहे तो हिशेबच बहुधा चुकलेला आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू होतो. वर्तमानपत्रांत नेहमी वाचायला मिळणारे कलम ३५३-ब हे मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमातील असून ते मुंबईपुरतेच आहे; आपल्याकडे त्याच आशयाचे कलम २६५-अ आहे. त्यानुसार ३० वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेऊन संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. मात्र ही ३० वर्षे संस्थेच्या नोंदणीपासून मोजली जात नाहीत. पूर्णत्वाचा दाखला किंवा वापर परवाना मिळाल्याची तारीख, अथवा बांधकाम क्षेत्राच्या किमान निम्म्या भागाचा प्रत्यक्ष वापर सुरू झाल्याची तारीख, यांपैकी जी आधीची असेल तिथून मोजणी सुरू होते. अनेक इमारतींमध्ये लोक आधी राहायला येतात आणि संस्थेची नोंदणी त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी होते. म्हणून आपण आजच पहिल्या सदनिकांची ताबापत्रे, वीजजोडणीची पहिली देयके आणि मालमत्ता कराची पहिली आकारणी काढून पाहावी. आपली इमारत ३० वर्षांची होऊनही गेलेली असू शकेल. ही जबाबदारी कायद्याने मालक आणि भोगवटादार अशा दोघांचीही धरलेली असल्यामुळे, अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालेले नाही, जमीन अजून विकासकाच्या नावावर आहे, हे कारण इथे उपयोगी पडत नाही.

त्याहून जवळचे बंधन आपल्याच उपविधींत आहे. आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीची दर ३ वर्षांनी करायची असते. म्हणजे महापालिकेची नोटीस येवो वा न येवो, आतापर्यंत आपल्या संस्थेत किमान दोन तपासण्या होऊन त्यांचे अहवाल दप्तरी असायला हवे होते. ते नसतील तर दोष शोधत बसण्यात अर्थ नाही. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय पहिला घ्यावा.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. प्रमाणपत्र म्हणजे निगा नव्हे. कायद्याने सांगितलेला कालावधी हा किमान आहे आणि काँक्रीट कॅलेंडर पाहून खराब होत नाही. ते पाण्याने खराब होते. देखभालीचे सगळे नियम, मग ते महापालिकेचे असोत, उपविधींचे असोत किंवा भारतीय मानकांचे, पाणी इमारतीत शिरू न देणे, शिरलेले पाणी साचू न देणे आणि साचल्याची खूण दिसताच तिच्या मुळाशी जाणे या तीन गोष्टींभोवती फिरतात. आपल्या भागात पावसाळ्यात सरासरी २२०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. तीन हजार चौरस फुटांच्या गच्चीवर त्याचे सुमारे ६ लाख लिटर पाणी होते, आणि ते सारे चार-सहा उतरत्या नळांतून सुखरूप खाली जावे अशी आपली अपेक्षा असते.

काँक्रीटमध्ये नेमके काय घडते हे समितीतील प्रत्येकाला ठाऊक असावे. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२ ते १३ च्या दरम्यान असतो आणि या तीव्र अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो, सामू ९ च्या आसपास उतरतो आणि तो थर नाहीसा होतो. त्यानंतर ओलावा आणि प्राणवायू मिळाला की सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे तो आतून काँक्रीटला ढकलतो, सळईच्या रेषेत भेग पडते, त्या भेगेतून आणखी पाणी आत जाते आणि मग नाशाचा वेग वाढतच जातो. कार्बनीकरणाची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या या मुरण्याची, खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजेच सळईवरचे काँक्रीटचे आवरण १५ मिलिमीटरऐवजी ३० मिलिमीटर असेल तर सळईला मिळणारा काळ दुप्पट नव्हे, साधारण चौपट होतो. बांधकामाच्या वेळी सळईखाली कव्हर ब्लॉक (आवरणाची जाडी राखणारे ठोकळे) न ठेवण्याच्या निष्काळजीपणाची किंमत पंचवीस वर्षांनी रहिवाशांना मोजावी लागते ती अशी. त्यातच बांधकामात खाडीची वाळू नीट न धुता वापरली गेली असेल तर क्लोराइड पहिल्या दिवसापासूनच आत असते आणि सामू टिकून असतानाही सळई गंजू शकते. आयएस ४५६ या मानकाने साध्या प्रबलित काँक्रीटमध्ये क्लोराइडची मर्यादा प्रति घनमीटर ०.६ किलो ठेवली आहे. तपासणीत ही रासायनिक चाचणी आवर्जून मागावी.

भेगा पाहून घाबरणाऱ्या आणि भेगांकडे दुर्लक्ष करणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या संस्था मी पाहतो. बाहेरच्या गिलाव्यावर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा बहुतेक वेळा गिलाव्यापुरत्याच असतात. वीट-भिंत आणि तुळई जिथे भेटतात तिथली आडवी सरळ भेग दिसायला मोठी असली तरी ती सहसा दोन वेगळ्या पदार्थांच्या आकुंचन-प्रसरणाची असते. मात्र तिच्यातून पाणी जाते म्हणून ती बुजवायलाच हवी. चिंता करावी ती वेगळ्या भेगांची. खांबाच्या कोपऱ्यातून उभी जाणारी भेग, तुळईच्या तळाशी लांबीने धावणारी भेग आणि तिच्या कडेला उतरलेला तपकिरी डाग म्हणजे आतली सळई गंजली आहे. तुळईच्या टोकाला, खांबाच्या जवळ, तिरपी पडलेली भेग दिसली तर गिलावा करणाऱ्याला न बोलावता त्याच दिवशी संरचना अभियंत्याला बोलवावे. तळमजल्याच्या पार्किंगमधील खांबांचे पाय विशेष तपासावेत. गाड्या धुण्याचे पाणी तिथे रोज साचते, गिलावा फुगतो आणि दर दिवाळीच्या रंगकामात तो फुगवटा झाकला जातो. लहान हातोडीने हलके ठोकून पाहिल्यास पोकळ आवाज कुठे येतो हे कोणालाही कळते; ती जागा खडूने खुणावून तिचे छायाचित्र तारखेसह ठेवावे.

आता गच्ची आणि शेड. आपल्यासारख्या बहुतेक इमारतींच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा जाड थर, असतो. तो गळू लागला की जुना कोबा न काढता त्यावरच दुसरा टाकण्याचा सल्ला ठेकेदार देतो, कारण काढण्याचा आणि राबिट (फोडलेला मलबा) खाली उतरवण्याचा त्रास त्याला नको असतो. शंभर मिलिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते. आणि वापरातील गच्चीचा स्लॅब वरच्या चल भारासाठी ज्या मानकाने आखला जातो त्यात तो भार दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरलेला असतो. म्हणजे दुसऱ्या कोब्याने, त्यावर माणूस उभा राहण्याच्या आधीच, गच्चीची ठरवलेली क्षमता ओलांडली जाते. २८० चौरस मीटरच्या गच्चीवर हे ओझे छप्पन्न टनांचे होते. म्हणून माझे मत ठाम आहे: जुना थर पूर्ण काढल्याशिवाय नवा टाकू नये, तो काढल्यावर उघडा पडलेला स्लॅब वरून आणि खालून तपासावा, सळई गंजलेली असेल तर आधी तिची दुरुस्ती करावी आणि मगच जलरोधन करावे. उतार किमान शंभरास एक असावा, कठड्याच्या मुळाशी गोलाई (तिला ‘वाटा’ म्हणतात) द्यावी आणि पाणी जाण्याच्या तोंडाशी जाळी बसवावी. काम झाल्यावर गच्चीवर ४८ तास पाणी तुंबवून चाचणी घ्यावी; पाण्याची उंची मात्र ५० मिलिमीटरहून अधिक ठेवू नये, कारण तेवढ्याचेही वजन दर चौरस मीटरला ५० किलो असते.

शेड टाकल्याने पाऊस अडतो हे खरे, पण आत गंजू लागलेली सळई त्यामुळे पूर्ववत होत नाही. शेडखाली कोरड्या दिसणाऱ्या स्लॅबकडे पुढची दहा वर्षे कोणी पाहत नाही, हा तिचा सर्वांत मोठा धोका आहे. शिवाय तिला महापालिकेची परवानगी लागते, तिचे खांब गच्चीत बोल्टने ठोकले तर जलरोधन तिथेच फुटते आणि वादळात पत्रा उडून खाली माणसाला लागल्यास जबाबदारी संस्थेवर येते. स्लॅबची दुरुस्ती आणि जलरोधन झाल्यावर, अभियंत्याने भाराची गणना करून दिली आणि परवानगी मिळाली, तर शेड जोड उपाय म्हणून ठीक आहे. दुरुस्तीच्या ऐवजी म्हणून नाही.

तपासणी कोणाकडून आणि कशी करून घ्यावी, यावरच पुढचा सगळा खर्च अवलंबून असतो. संस्था बहुधा सर्वांत कमी दराचे पत्रक निवडतात आणि त्या दरात अभियंता इमारतीभोवती एक फेरी मारून छायाचित्रांचा अहवाल देतो. रिबाउंड हॅमरची चाचणी स्वस्त असते, पण ती केवळ पृष्ठभागाचा कठीणपणा मोजते. कार्बनीकरण झालेला पृष्ठभाग उलट अधिक कठीण होत असल्याने जुन्या इमारतीत तिचे आकडे फसवे चांगले येतात. तिच्या जोडीला अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी (काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग), हाफ सेल पोटेन्शियल (सळई गंजत असण्याची शक्यता दाखवणारे विद्युत वाचन), कार्बनीकरणाची खोली, आवरणाची जाडी आणि निवडक ठिकाणी कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढून दाबशक्तीची चाचणी मागावी. अल्ट्रासॉनिक लहरींचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या खाली आला तर काँक्रीटचा दर्जा शंकास्पद मानतात, आणि हाफ सेलचे वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेले तर तिथली सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. अहवालात प्रत्येक खांब आणि तुळई यांना क्रमांक देऊन नकाशावर दाखवलेले असावे, म्हणजे पाच वर्षांनी दुसरा अभियंता त्याच जागी तुलना करू शकेल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तपासणी करणारा अभियंता आणि दुरुस्ती करणारा ठेकेदार यांचा एकमेकांशी कोणताही व्यवहार नसावा.

मुंबई परिसरात अहवालाच्या शेवटी इमारतीला श्रेणी देण्याची पद्धत आहे. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तत्काळ रिकामी करून पाडण्याची. सी-२ए म्हणजे रिकामी करून, काही भाग पाडून, संरचनात्मक दुरुस्ती करण्याची. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना संरचनात्मक दुरुस्ती करता येण्याजोगी. आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. पुनर्विकासाची घाई असलेल्या संस्थेत अहवाल सी-१ च्या दिशेने झुकवण्याचा आणि खर्च टाळू पाहणाऱ्या संस्थेत तो सी-३ कडे झुकवण्याचा दबाव अभियंत्यावर येतो. समितीने हे दोन्ही कटाक्षाने टाळावे. अहवालाशी असहमती असेल तर दुसऱ्या अभियंत्याकडून स्वतंत्र तपासणी करून घेण्याचा मार्ग मोकळा आहे, आणि परस्परविरोधी अहवालांसाठी तांत्रिक सल्लागार समिती असते.

पैशांबाबत आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो, कारण इमारती पैशांअभावी पडतात त्याहून अधिक वेळा आधी पैसे न साठवल्यामुळे पडतात. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी (मोठ्या दुरुस्ती वा पुनर्बांधणीसाठीचा राखीव निधी) किमान ०.२५ टक्के आकारायचे असतात, आणि यात जमिनीची किंमत धरली जात नाही. समजा, ६५० चौरस फुटांच्या सदनिकेचा त्या काळचा बांधकाम खर्च चौरस फुटाला ५०० रुपये होता. म्हणजे खर्च ३ लाख २५ हजार रुपये झाला. दुरुस्ती निधी वर्षाला सुमारे २,४३८ रुपये आणि सिंकिंग फंड सुमारे ८१३ रुपये, दोन्ही मिळून महिन्याला २७१ रुपये. मूळ खर्च जुन्या भावाचा आणि दुरुस्ती आजच्या भावाची, ही तफावत ३२ सदनिकांचा सगळा जमाखर्च एकत्र केला तरी भरून निघत नाही. उपविधींत शब्द ‘किमान’ असा आहे. सर्वसाधारण सभा याहून अधिक दर ठरवू शकते आणि तिने तो ठरवावा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदांना एकदम तीन-चार लाखांचा बोजा देण्यापेक्षा आजपासून महिन्याला हजार-बाराशे घेणे अधिक माणुसकीचे आहे, असे मला मनापासून वाटते.

सदनिकांच्या आत काय चालते याकडेही समितीने लक्ष द्यायला हवे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमधील साईसिद्धी ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला, तेव्हा तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते. खांबाला किंवा तुळईला हात लावायचा नाही, हे सगळे जण मान्य करतात. पण नळ भिंतीत दडवण्यासाठी तुळईत पाडलेली खाच, जुन्या फरशीवरच बसवलेली दुसरी फरशी, स्वयंपाकघराच्या जागी हलवलेले न्हाणीघर आणि बाल्कनीत मातीने भरलेल्या मोठ्या कुंड्या यांकडे ‘घरातले काम’ म्हणून काणाडोळा होतो. फेरबदलाचा नकाशा लेखी घेतल्याशिवाय आणि काम चालू असताना एकदा अभियंत्याला दाखवल्याशिवाय परवानगी देऊ नये. सभासदांमधील गळतीच्या वादाचा खर्च कोणाचा, हे उपविधींत स्पष्ट आहे: पावसाचे पाणी, बाहेरचे सामाईक नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या यांची गळती संस्थेने दुरुस्त करायची आणि सदनिकेतील शौचालय, मोरी यांची अंतर्गत गळती त्या सभासदाने. वरच्या सदनिकेच्या न्हाणीघराखालचा स्लॅब वर्षानुवर्षे ओला राहिला तर झीज मात्र सगळ्या इमारतीची होते, म्हणून समितीने ‘तुमचे तुम्ही पाहा’ असे म्हणून बाजूला होऊ नये.

आवाराची निगा बहुधा झाडलोटीपुरती मानली जाते. प्रत्यक्षात पायाचे आरोग्य आवारावर अवलंबून असते. इमारतीला लागून असलेल्या जमिनीचा उतार नेहमी बाहेरच्या बाजूला हवा. पेव्हर ब्लॉक बसवताना पातळी वाढत गेली आणि पाणी जोत्याकडे वळले, असे वारंवार आढळते. गटारे मे महिन्यात उपसावीत आणि काढलेला गाळ काठावर न ठेवता लगेच हलवावा. झाडांच्या बुंध्याभोवती किमान मीटरभर जमीन मोकळी ठेवावी. धोकादायक फांद्यांची छाटणी पावसाळ्यापूर्वी करावी, पण महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेऊनच. भिंतीतून आणि नळांच्या सांध्यांतून उगवलेले पिंपळ नुसते कापले तर ते पुन्हा फुटतात. मूळ काढून ती जागा मॉर्टरने भरावी लागते. पाण्याच्या टाक्यांना घट्ट बसणारी झाकणे आणि तपासणीसाठी धड शिडी हवी. डासाची अळी ते डास हा प्रवास साधारण आठवडाभराचा असल्याने साचलेले पाणी आठवड्यातून एकदा रिकामे करणे पुरते. सेप्टिक टाकीत मात्र कोणत्याही परिस्थितीत माणूस उतरवू नये. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना असे धोकादायक काम करवून घेणे निषिद्ध आहे, आणि त्या टाकीतील वायूने माणूस मिनिटांत मरतो. यंत्राचा खर्च जास्त म्हणून हा धोका दुसऱ्याच्या जिवावर घेण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही. अग्निशमन यंत्रणा बसवलेली असेल तर २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारीत आणि जुलैत तिच्या सुस्थितीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

शेवटी दुरुस्तीच्या कामाविषयी, कारण आपल्यापुढे आता तेच येणार आहे. क्रम बदलू नये: आधी आधार लावणे, मग खराब काँक्रीट सळईमागे २० ते २५ मिलिमीटरपर्यंत काढणे, गंज घासून सळई स्वच्छ करणे, जास्त झिजलेल्या सळईला जोड सळई देणे, संरक्षक लेप, पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीट, त्यानंतर गिलावा आणि सर्वांत शेवटी रंग. निविदा एकरकमी न मागवता प्रत्येक बाबीच्या दराने मागवावी आणि मोजमाप पुस्तक समितीच्या सभासदासमोर भरावे, कारण किती काँक्रीट खराब आहे हे फोडल्यावरच कळते आणि प्रमाण वाढले म्हणून ठेकेदाराशी भांडण होते ते इथेच. ऑक्टोबरमध्ये काम सुरू करून मेच्या मध्याला ते संपवावे. देयकांतून ५ ते १० टक्के रक्कम राखून ठेवावी आणि ती दोन पावसाळे उलटून गळती नसल्याची लेखी खात्री झाल्यावरच द्यावी. सभेने मंजूर केलेली वर्गणी एखादा सभासद देत नसेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा अर्ज निबंधकांकडे करता येतो. त्यासाठी सभेचा ठराव, त्याची सूचना आणि मागणीपत्र नीट क्रमाने दप्तरी असणे आवश्यक असल्यामुळे ही कागदपत्रे काम सुरू होण्यापूर्वीच तयार करून घ्यावीत.